चंद्राला ओवाळलेली एकोणीस वर्षं

माझा भाऊ प्रकाश कुणालाही नाही म्हणत नाही, आणि त्याच्या या एका गुणाने मला एकोणीस वर्षं छळलं आहे.

दादा बजबजला असतो. कोलकात्याच्या दक्षिणेला, नदीकाठी, तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या आहेत तिथे. एका सरकारी तेल कंपनीच्या डेपोत तो अधिकारी आहे. वय पंचावन्न, लग्न केलं नाही, बोलणं जेवढ्यास तेवढं. कुणी रजा मागितली की हा त्याच्या जागी हजर. डेपोत रुजू झाला त्या पहिल्याच दिवाळीला साहेबांनी विचारलं, ज्यांना बायकामुलं आहेत त्यांना घरी सोडायचं का? हा म्हणाला, सोडा की, मी आहे. ते जे म्हणाला ते कायमचं गळ्यात पडलं. त्यानंतर एकही दिवाळी त्याने घरी काढली नाही. मे महिन्यात कोकणात, केळशीच्या आमच्या घरी यायचा, आंबे खायचा, आईजवळ चार दिवस राहायचा आणि परत जायचा. दोनदा मुंबईला बदली आली, ती दोन्ही वेळा त्याने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली. त्या कुणाची म्हणे आई आजारी होती. आमची आई ठणठणीत होती, हा तिचाच दोष.

दिवाळी नाही म्हणजे भाऊबीज नाही. मला एकच भाऊ.

आमच्याकडे भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते. पुण्यात आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी तबक घेऊन उभी राहायचे. शेजारच्या शर्वरीकडे तिचे तिघे भाऊ एकदम यायचे. जिन्यात त्यांच्या चपलांचा ढीग पडायचा, आणि भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. मी इकडे नखाएवढ्या चंद्राला कुंकू दाखवायचे, अक्षता टाकायचे, निरांजन ओवाळायचे. चंद्र काही डोक्यावर टोपी घालून पाटावर बसत नाही, की करंजी छान झाली असंही म्हणत नाही. शर्वरी मग ताटात फराळ घेऊन यायची आणि म्हणायची, ‘वैदेही, तुझं बरं, कसली गडबडच नाही.’ त्या बाईचा मी इतका हेवा केला आहे की तिचे तिन्ही भाऊ अजून धडधाकट आहेत याचंच मला आश्चर्य वाटतं.

पहिल्या वर्षी मी दादाला पार्सल पाठवलं होतं. करंज्यांचा डबा, कुंकवाची पुडी, अक्षता, आणि नानांची काळी टोपी. आमचे वडील, नाना, त्याच वर्षी गेले होते, आणि ओवाळून घेताना पुरुषाचं डोकं उघडं असू नये असा त्यांचा नेम होता. सोबत चिठ्ठी लिहिली, ‘मी बरोबर साडेसहाला चंद्राला ओवाळीन. त्या वेळी टोपी घालून चंद्राकडे बघ, म्हणजे पोचेल.’ फोनवर तो म्हणाला, ‘करंज्या छान होत्या.’ टोपीचं काही बोलला नाही. नंतरच्या वर्षी मी विचारलंही नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. मी साडेसहाची वेळ मात्र कधी चुकवली नाही.

या जूनमध्ये माझ्या नवऱ्याला, सुमितला, न्यू टाउनच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. लोक म्हणाले, कोलकात्याला? इतक्या लांब? मी पेढे वाटले. सामान बांधताना पंचपाळ आणि निरांजन मी खोक्यात घातलं नाही, हातातल्या पिशवीत घेतलं. एकोणीस वर्षांनी भाऊ एका गावात येणार होता.

ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. दोन मजली जुनं घर, खाली मालकीण, वर दादा. मालकीण म्हणजे प्रेमलता, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय सहासष्ट-सदुसष्ट, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी. दादा त्यांना ‘दिदी’ म्हणत होता. खरं सांगायचं तर बदल्या नाकारायचं कारण एखादी बाई असणार असा माझा जुना संशय होता, आणि तशी कुणी निघाली असती तर मला आनंदच झाला असता. वहिनी म्हणून मिरवलं असतं मी तिला. पण त्यांच्या खालच्या खोलीत भिंतीवर एक फोटो होता. दादा जमिनीवर आसनावर बसलाय, कपाळावर चंदनाचा टिळा, समोर मिठाईची थाळी, आणि या बाई डाव्या हाताची करंगळी पुढे करून वाकल्यात.

‘भाईफोंटा,’ त्या कौतुकाने म्हणाल्या. ‘हर साल देते हैं हम. हमारा तो भाई नहीं है ना.’

म्हणजे बंगाल्यांची भाऊबीज. त्याच दिवशी. मी तिकडे गॅलरीत चंद्राला ओवाळत होते आणि माझा भाऊ इकडे आसनावर बसून संदेशाची मिठाई खात होता. एकोणीस वर्षांत एका शब्दाने बोलला नाही. मी परतताना गाडीत विचारलं तर म्हणाला, ‘अगं, त्यांना कोणी नाही. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.’ वहिनी निघाली असती तर चाललं असतं, पण ही दुसरी बहीणच निघाली. त्या रात्री मी जेवले नाही, आणि सुमितला सांगितलं की पित्त झालंय.

तेव्हाच मी ठरवलं. यंदाची भाऊबीज माझी. त्याच्या कपाळाला पहिलं बोट माझं लागेल.

जागा सापडली ती आमच्या मुलीमुळे, नूपुरमुळे. ती पंधरा वर्षांची, चार महिन्यांत शाळेतल्या मैत्रिणींकडून बंगाली शिकलेली. आमच्या सोसायटीपासून जवळ तळ्याकाठी एक बाग आहे. न्यू टाउन सगळं दलदलीवर वाळूचा भराव घालून उभं राहिलं, त्यातली उरलेली वाळू म्हणे त्या बागेत टाकली होती. तिच्या तीन टेकड्या केल्या, वर सुरूची झाडं लावली, खाली तळं. नूपुरने मला फोटो दाखवला. आमच्या केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची टेकडी आहे. लहानपणी दादा आणि मी पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, बसून तिच्यावरून घसरायचो, तो पुढे आणि मी मागे त्याची बंडी धरून. मी म्हटलं, भाऊबीज इथेच करायची. डबे घेऊन जायचं, दिवसभर राहायचं, दादाला वाळूवर बसवून ओवाळायचं.

दादाला फोन केला तर तो खूश. मग जरा थांबून म्हणाला, ‘वैदू, दिदींनाही आणू का? त्या दिवशी एकट्या राहतील.’

‘आण की,’ मी म्हटलं. नाही म्हणता न येणं आमच्या घराण्यातच आहे.

तीन दिवस मी राबले. इथे दही बहुतेक गोडच मिळतं. बिनसाखरेचं आंबट दही शोधायला दोन बाजार पालथे घातले, रात्रभर चक्का टांगला आणि श्रीखंड केलं. करंज्या, चकल्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी केली. श्रीखंड दादासाठी होतं, पण खरं म्हणजे त्या बाईंना दाखवायला होतं.

भाऊबीज रविवारी आली. अकराच्या सुमाराला ते दोघं बागेच्या फाटकाशी टोटोतून, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षातून, उतरले. आधी बजबजची लोकल, मग सियालदाहून मेट्रो, मग हा टोटो. सकाळी सातला निघाले होते म्हणे. मी पहिल्यांदा दादाचं कपाळ बघितलं. कोरं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी प्रेमलतादिदींना वाकून नमस्कारसुद्धा केला.

ते समाधान अर्धा तासही टिकलं नाही. दादाने आल्या आल्या सुरूच्या सावलीत त्यांच्यासाठी सतरंजी घातली. ऊन सरकलं की तो सतरंजी सरकवायचा. त्यांचा चष्मा घामाने पुसट झाला, तर न मागता रुमाल काढून दिला. आणि बोलत होता! माझ्याशी फोनवर ‘बरं आहे’, ‘हो’, ‘ठेवू?’ यापलीकडे न जाणारा माणूस त्यांच्याशी बंगालीत नुसता सुटला होता. मध्येच दोघं हसायचे. मी विचारायचे, ‘काय झालं?’ तर म्हणायचा, ‘काही नाही गं, डेपोतली गंमत.’ मला डेपोतली एकही गंमत माहीत नाही.

नूपुर खोक्याचा पुठ्ठा घेऊन टेकडीवरून घसरत होती. दादा तिला सांगायला लागला, ‘आम्ही पोफळीच्या विरीवर बसायचो. एकदा काय झालं, तुझी आई हट्टाने पुढे बसली...’

‘और वो टूट गया,’ प्रेमलतादिदी म्हणाल्या, ‘और बोन का सामने का दाँत गिर गया. तो प्रकाश ने दाँत बालू में गाड़ दिया और घर में बोला कि कौआ ले गया.’ आणि त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

बोन म्हणजे बहीण, म्हणजे मी. तो दात माझा होता. ती वाळू माझी होती, आणि कावळ्याची थाप आम्हा दोघांतच राहायची होती. आईनानांनाही ती कधी कळली नव्हती. मी हसले नाही. ‘जेवायला बसू या,’ म्हटलं.

सगळ्यांची पानं वाढली. प्रेमलतादिदींपुढे डिश धरली तर त्यांनी हात जोडले. ‘हम अभी नहीं खाएगा, बोन. आप लोग खाइए.’ पुरी नको, श्रीखंड नको. करंजी तरी घ्या म्हटलं, तीही नको. चहासुद्धा नको. दोन बाजार पालथे घालून केलेल्या श्रीखंडाकडे बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. दादा म्हणाला, ‘राहू दे वैदू, नंतर खातील.’ आणि स्वतः तीन वाट्या श्रीखंड खाल्लं. मला वाटलं, माझ्या हातचं खायचं नाही असंच ठरवून आल्यात या.

पाणी आणायला मी आणि नूपुर नळाकडे गेलो. मी तोंडाचा पट्टा सोडला होता. नूपुर म्हणाली, ‘आई, अगं त्यांचा उपास आहे. फोंटा देईपर्यंत बहिणी काही खात नाहीत. माझ्या मैत्रिणीची आई तर पाणीही पीत नाही. सकाळीच उरकून टाकतात सगळे.’

‘मग यांनी का नाही उरकलं?’

‘मामाने सांगितलं मला मघाशी. त्या म्हणाल्या, यंदा सख्खी बहीण आहे, आधी तिचा मान. तू ओवाळलंस की मग त्या देणार.’

मी घड्याळात पाहिलं. पावणेदोन झाले होते.

इथे मला जे लिहायचं आहे ते लिहिताना अजूनही लाज वाटते. माझ्या पिशवीत पंचपाळ होतं, निरांजन होतं, वाती तुपात भिजवलेल्या होत्या. पाच मिनिटांचं काम. आमच्या आईने तर आयुष्यभर तिच्या भावाला, आमच्या मामाला, जेवायच्या आधीच ओवाळलं. आमच्यात चंद्राची वाट बघायची असा कसलाही नेम नाही. पण मी सतरंजीवर परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाले, ‘हमारे में चाँद दिखने के बाद ही ओवालते हैं.’

दादाने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं त्याला येतच नाही.

प्रेमलतादिदी म्हणाल्या, ‘हाँ हाँ, चाँद तो चाहिए. हमको मालूम है.’

बघू या, मी मनात म्हटलं. एकोणीस वर्षं मी चंद्राची वाट बघितली आहे. एक दिवस तुम्ही बघा.

दोनाचे तीन झाले, तीनाचे चार. सुमित आडवा झाला. नूपुर आणि दादा पायडल बोटीत बसून तळ्यात गेले. मी आणि त्या बाई सतरंजीवर राहिलो. त्यांनी एकदा विचारलं, पुण्याहून चंद्र चांगला दिसतो का? मी हो म्हटलं आणि मोबाइल बघत बसले. त्या मग सुरूच्या खोडाला टेकल्या आणि डोळे मिटले. ओठ कोरडे पडले होते. मधूनच जिभेने ओले करत होत्या. मला दिसत होतं. मी पिशवी माझ्याजवळ ओढून घेतली, त्यात निरांजन होतं.

साडेचारला दादा म्हणाला, मधल्या टेकडीवर जाऊ, तिथून पश्चिम मोकळी आहे. वाळूत पाय रुतत होते. प्रेमलतादिदी चार पावलं चढल्या आणि खाली बसल्या. दादा धावला. त्यांनी हाताने ‘काही नाही’ अशी खूण केली, त्याच्या दंडाला धरून उठल्या आणि चढल्या. सुमित माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘अगं, उरकून टाक ना.’ मी म्हटलं, ‘आलाच आता चंद्र.’

वर वारा होता. सूर्य पाण्यापलीकडच्या इमारतींमागे गेला. मी वाळूवर तबक मांडलं. कुंकू, अक्षता, सुपारी, करंजी. निरांजन दोनदा विझलं. पदराआड धरून तिसऱ्यांदा पेटवलं आणि मग लक्षात आलं की दादाच्या डोक्यावर घालायला मी काहीच आणलेलं नाही. तीन दिवस राबले आणि टोपी विसरले. ‘सुमित, तुझा रुमाल दे,’ मी तबक घेऊन उठत म्हटलं. रुमालाला श्रीखंड लागलेलं होतं. ‘नूपुर, तुझा स्कार्फ बघ गं,’ अशी माझी गडबड चालली होती.

‘ओइ तो!’ प्रेमलतादिदी ओरडल्या. ‘चाँद!’

नुसती रेघ होती, इमारतींच्या वर. दिवसभराची उपाशी बाई, जाड भिंगांची, आणि चंद्र पहिला तिला दिसला.

मग त्या जे काही करायला लागल्या ते त्यांनी विचार करून केलं नाही. सवयीने हात चालतात तसे त्यांचे हात चालले. खांद्यावरच्या झोळीत हात घातला, जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, झटकलं आणि दादाच्या डोक्यावर ठेवलं. त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला फिरवलं. दरडावून म्हणाल्या, ‘सोजा होए दाँडाओ! सीधा खड़ा रहो. बोन दे रही है.’ आणि माझा पंचावन्न वर्षांचा भाऊ मुकाट्याने ताठ झाला, हात जोडले आणि चंद्राकडे तोंड करून उभा राहिला.

मी त्याच्या पाठीमागे होते. दोन हात अंतरावर, पेटतं निरांजन घेऊन.

नूपुर हसली. ‘मामा, आई इकडे आहे!’

प्रेमलतादिदींनी जीभ चावली. ‘एई जा! भूल हो गया. बोन तो इधर है.’ आणि त्याला घाईने माझ्याकडे वळवायला लागल्या.

त्याच्या डोक्यावर नानांची काळी टोपी होती. कडेला नानांच्या तेलाचा डाग, तोच.

‘ही तुझ्याकडे आहे?’ मी विचारलं.

‘दिदींकडे असते,’ दादा म्हणाला. तो खजील झाला होता. ‘तुझं पार्सल आलं ना, पहिल्या वर्षी, तेव्हा मी ती चिठ्ठी त्यांना बंगालीत वाचून दाखवली होती. मी तर विसरून गेलो असतो गं, तुला माहिती आहे मी कसा आहे. या विसरल्या नाहीत. दर भाऊबिजेला गच्चीवर नेऊन उभं करतात. दोन वर्षं संध्याकाळची ड्युटी होती, तर डेपोच्या फाटकाशी टोपी घेऊन आल्या. सिक्युरिटीवाले हसायचे.’

‘मला कधी बोलला नाहीस.’

‘काय सांगणार? नुसता उभा तर राहायचो.’ मग तो थोडा हसला. ‘आणि तुझं ते साडेसहा. अगं, इथे पाचला सूर्य मावळतो. सहाच्या सुमाराला हा चंद्रही जातो. तुमच्या पुण्यात साडेसहाला असेल, इथे आभाळात काहीच नसतं. मी म्हणायचो, दिदी, चंद्र गेला, चला आता खाली. तर या म्हणायच्या...’

‘बोन ने साढ़े छह लिखा है,’ प्रेमलतादिदी म्हणाल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण दादा काय सांगतोय ते बरोबर कळलं होतं. ‘घड़ी में साढ़े छह बजने तक हिलना नहीं. चाँद नहीं है तो क्या हुआ? उधर बोन तो खड़ी है.’

वाऱ्याने निरांजन विझलं. मला ते पुन्हा पेटवता येईना. नूपुरने पेटवून दिलं.

‘दिदी, आधी तुम्ही,’ मी मराठीतच म्हटलं. ‘पहले आप.’

‘ना, ना. आगे तुम. तुमि बोन.’ त्या मागे सरकल्या. तिथेही ऐकेनात. शेवटी मी ओवाळलं. पहिलं बोट माझंच लागलं, ठरवल्याप्रमाणे. एकोणीस वर्षांनी भावाच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि सगळा वेळ माझ्या मनात एवढंच होतं की लवकर उरकू दे, त्या बाई उपाशी आहेत.

मग त्यांनी त्यांची स्टीलची डबी उघडली, सकाळी उगाळलेलं चंदन वाळत आलं होतं, त्यात माझ्या बाटलीतलं पाणी घातलं. करंगळीने माझ्या कुंकवाच्या जरा वर टिळा लावला, कुंकवाला धक्का न लावता. डोक्यावर दूर्वा आणि साळीचे दाणे ठेवले.

मी डबा उघडून श्रीखंडाची वाटी त्यांच्या हातात दिली. त्या वाळूवर बसून खायला लागल्या. सावकाश खायचा प्रयत्न करत होत्या, पण जमत नव्हतं. दुसरी वाटी न विचारता वाढली तेव्हा नको म्हणाल्या नाहीत. ‘भीषोण भालो,’ म्हणाल्या. फार छान झालंय.

दादा माझ्या शेजारी उभा होता. तळ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘वैदू, आई मामाला जेवायच्या आधी ओवाळायची, नाही गं?’

मी तबक आवरायला लागले. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. मी मुद्दाम केलं हे त्याला दुपारीच कळलं होतं, आणि तरी त्याने मला करू दिलं. प्रेमलतादिदींना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मराठी लोकांत तसा नेम आहे.

परत जाताना सुमितने त्यांना बजबजपर्यंत गाडीने सोडायचं ठरवलं. मीही गेले. मागच्या सीटवर मध्ये दादा, एका बाजूला मी, एका बाजूला त्या. माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तो अजून आहे. त्यांनी माझ्या भावाला माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय, आणि ती वर्षं मला कुणी परत देणार नाही. पण शर्वरीचे तीन भाऊ आले काय आणि गेले काय, त्यांना टोपी घालून उभं करायला कुणी नव्हतं, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा सुचलं.

वाटेत ट्रॅफिक होता. चंद्र कधीच गेला होता. दादा बसल्या बसल्या पेंगत होता, डोक्यावर टोपी तशीच. प्रेमलतादिदींनी मनगट खिडकीकडे धरून रस्त्याच्या दिव्यात घड्याळ पाहिलं. मीही माझं पाहिलं. सहा वाजून एकोणतीस मिनिटं. त्या थांबल्या. मिनिट सरल्यावर त्यांनी टोपी त्याच्या डोक्यावरून अलगद काढली, मलमलीत गुंडाळली आणि झोळीत ठेवली.

टोपी आमच्या नानांची होती. मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती. मी मागितली नाही.